पाणी पिणारं तेल

काही वर्षांपूर्वी कराडहून चिपळूणला येत होतो. व्हॅन जुनी. मागे अम्मी, पत्नी, दोन मुली आणि लग्नघरचं सामान. कुंभार्ली घाट उतरताना मी सारखा ब्रेकवर पाय ठेवून होतो. निम्म्या घाटात पेडल एकाएकी मऊ पडलं आणि तळाला गेलं. गिअर खाली आणत, हँडब्रेक ओढत गाडी डोंगराच्या कडेला कशीबशी थांबवली. अर्ध्या तासाने पाहतो तर ब्रेक पुन्हा पहिल्यासारखे!

पहिल्या गिअरात पोफळी गाठली. तिथल्या मिस्त्रीने विचारलं, ‘चाचा, ब्रेक ऑइल कधी बदललंत?’

‘बदलायचं कशाला? डबी तर भरलेली आहे.’

त्याने झाकण उघडून दाखवलं. आत चहासारखं काळपट पाणी होतं.

शब्दांशी माझा रोजचा संबंध, तरी एका शब्दाने मला फसवलं. ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो, ते तेल नव्हेच. ते सहसा ग्लायकॉल जातीचं रसायन असतं. तेल पाण्याला दूर लोटतं. हे मात्र हवेतला ओलावा शोषून घेतं. रबरी नळ्यांतून, झाकणातून तो हळूहळू आत मुरतो. डबी भरलेलीच दिसते, गुण मात्र गेलेला असतो.

पायाचा दाब चाकापर्यंत नेणं हे या द्रवाचं काम. द्रव दाबला तरी आकसत नाही, म्हणून ते जमतं. घाटात ब्रेक तापतात आणि ती उष्णता द्रवापर्यंत पोचते. ‘डॉट ३’ प्रकारचा ताजा द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असं मानक आहे. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांवर येते. द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ मात्र दाबली जाते. आपला सारा जोर तिथेच खर्ची पडतो. द्रव निवला की वाफ विरते, ब्रेक लागतात आणि आपण बेफिकीर होतो.

म्हणून साधारण दर दोन वर्षांनी जुना द्रव पूर्ण काढून नवा भरावा, एअर काढून घ्यावी. कोणता ‘डॉट’ हवा, ते डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात असतं. डबा सीलबंद घ्यावा, उघडा राहिलेला वापरू नये. इंजिन ऑइल चुकूनही घालू नये, त्याने रबरी सील फुगतात. पातळी सावकाश उतरली तर ब्रेक पॅड झिजले असतील. झपाट्याने उतरली तर गळती समजावी आणि गाडी हलवू नये. आणि घाट ज्या गिअरात चढतो, त्याच गिअरात उतरावा.

आता गाडीच्या कागदपत्रांत एक चिठ्ठी असते. तिच्यावर ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख. घाटाला निघण्याआधी अम्मी ती वाचून दाखवायला सांगते.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)