विश्लेषण : ‘परमिशन डिनाइड’ दिसताच सर्व्हरचे कुंपणच का पाडले जाते?

पतसंस्थेचे कर्जखाते, महाविद्यालयाची प्रवेशप्रणाली, जिनिंग कारखान्याचा हिशेब. अशी कामे करणारी सॉफ्टवेअर आता सर्रास ‘कंटेनर’च्या रूपात येतात. बुलढाणा, खामगाव, मलकापूर किंवा चिखलीसारख्या गावात असा सर्व्हर सांभाळायला बहुधा एकच तरुण अभियंता असतो. अपडेटनंतर कंटेनर सुरू होत नाही, पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’ येते आणि काउंटरवर सभासदांची रांग वाढत जाते. इंटरनेटवर शोधल्यावर पहिलाच सल्ला मिळतो : एसईलिनक्स बंद करा. ‘सेटएन्फोर्स ०’ एवढी आज्ञा दिली की कंटेनर धावू लागतो. पण त्या अर्ध्या मिनिटात नेमके काय गमावले जाते?

कंटेनर म्हणजे वेगळा संगणक नव्हे

कंटेनर हे बंद डब्यासारखे असते, असा समज आहे. प्रत्यक्षात ती मूळ मशीनवर चालणारी एक साधी प्रक्रिया असते. तिला फक्त आपल्यापुरत्याच फायली, आपल्यापुरतेच नेटवर्क दिसेल अशी सोय केलेली असते. मशीनचा गाभा, म्हणजे लिनक्सचा कर्नल, सगळ्या कंटेनरांना एकच. चाळीतल्या खोल्यांना दारे वेगळी असली तरी पाया एकच असतो, तसेच हे. एखादा हल्लेखोर कंटेनरमधल्या सदोष सॉफ्टवेअरमधून आत शिरला आणि त्याला भिंतीत फट सापडली, तर तो शेजारच्या कंटेनरमध्ये नव्हे, थेट मूळ मशीनवर पोहोचतो. तिथे मग ठेवीदारांची खाती, बॅकअप, पासवर्ड असे सगळेच उघडे पडते.

मालकाची मर्जी की समितीचा नियम?

लिनक्समधली नेहमीची परवानगी मालकाच्या मर्जीवर चालते. बाजार समितीच्या आवारातले उदाहरण घेऊ. समजा, गोदामाच्या मालकाने एका हमालाला किल्ली दिली. आता हमालाने कोणते पोते उचलावे, हे मालक ठरवणार. आणि किल्ली चोराच्या हाती पडली तर चोर ठरवणार. सक्तीच्या नियंत्रणात समितीच फाटकावर नियम लावते : पांढरा बिल्ला असलेल्याने फक्त पांढरी चिठ्ठी लावलेले पोते हलवायचे. मालकाने सांगितले तरी यात बदल नाही. किल्ली चोरली तरी बिल्ला बदलत नाही.

या पद्धतीला ‘मँडेटरी अॅक्सेस कंट्रोल’ म्हणतात. लिनक्सवर तिचे दोन प्रकार जास्त वापरात आहेत. रेड हॅट, फेडोरा, रॉकी, अल्मा या कुटुंबात एसईलिनक्स असते, तर उबंटू आणि डेबियनवर अॅपआर्मर. एसईलिनक्सचे मूळ काम अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीचे. ते डिसेंबर 2000 मध्ये खुले झाले आणि 2003 मध्ये मुख्य कर्नलमध्ये आले. ही काही फक्त सर्व्हरची भानगड नाही. हा मजकूर ज्या अँड्रॉइड फोनवर वाचला जात असेल, त्यातही तेच आहे, अँड्रॉइड 5.0 पासून ते पूर्ण सक्तीने लागू आहे.

बिल्ला आणि चिठ्ठी

एसईलिनक्समध्ये प्रत्येक प्रक्रियेला बिल्ला आणि प्रत्येक फायलीला चिठ्ठी असते. दोन्हींना ‘लेबल’च म्हणतात. कंटेनरमधल्या प्रक्रियेचा बिल्ला ‘कंटेनर_टी’, तिला हात लावता येईल अशा फायलींची चिठ्ठी ‘कंटेनर_फाइल_टी’. पतसंस्थेच्या बॅकअपवर ही चिठ्ठी नसेल, तर कंटेनर आतून ‘रूट’ झाला, म्हणजे सर्वाधिकारी बनला, तरी त्याला बॅकअप वाचता येत नाही.

दोन कंटेनरांनी एकमेकांच्या फायली पाहू नयेत म्हणून आणखी एक योजना आहे. प्रत्येक कंटेनरला 0 ते 1023 यांपैकी दोन आकड्यांची जोडी मिळते. अशा जोड्या 5 लाख 23 हजार 776 होतात. जोडी जुळली नाही तर शेजाऱ्याच्या फायलीला प्रवेश नाही. पॉडमनमध्ये हे आपोआप होते. डॉकरमध्ये मात्र एसईलिनक्सचा आधार सुरू आहे ना, हे एकदा तपासावे लागते.

अॅपआर्मर चिठ्ठ्या लावत नाही, पत्ता पाहते : अमुक प्रोफाइलच्या प्रक्रियेने तमुक फोल्डरमध्ये लिहायचे नाही. समजायला ते सोपे आहे. उबंटूवर डॉकर सुरू केले की ‘डॉकर-डिफॉल्ट’ हे प्रोफाइल प्रत्येक कंटेनरला आपोआप लागते. कुबरनेटिसमध्ये अॅपआर्मरची सोय 2024 च्या 1.31 आवृत्तीपासून स्थिर झाली आहे.

2019 मध्ये काय घडले?

या नियमांची खरी परीक्षा 11 फेब्रुवारी 2019 रोजी झाली. कंटेनर सुरू करणाऱ्या ‘रनसी’ या प्रोग्रॅममधला गंभीर दोष त्या दिवशी जाहीर झाला. डॉकरसह बहुतेक व्यवस्था त्याच प्रोग्रॅमवर उभ्या होत्या. दोष असा, की कंटेनरमध्ये रूट अधिकाराने चालणारी घातकी प्रक्रिया बाहेरच्या मशीनवरची रनसीची फाइलच बदलू शके. पुढच्या वेळी रनसी चालले की हल्लेखोर मूळ मशीनचा रूट. मात्र रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सवर जिथे एसईलिनक्स सक्तीच्या स्थितीत होते, तिथे हा हल्ला अडला. ‘कंटेनर_टी’ बिल्ल्याच्या प्रक्रियेला रनसीच्या फायलीवर लिहिण्याची मुभाच नव्हती. दोष कुणालाही माहीत नसताना नियम तिथे आधीपासून होता. अॅपआर्मरचे डिफॉल्ट प्रोफाइल मात्र हा हल्ला अडवू शकले नाही. म्हणजे व्यवस्था नुसती असून भागत नाही, नियम किती घट्ट आहे यावर बरेच अवलंबून असते.

छोट्या संस्थांच्या मागे कोण लागणार, हा भ्रम आहे. जुलै 2024 च्या अखेरीस सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. एनपीसीआयने तिला पेमेंट व्यवस्थेतून तात्पुरते वेगळे काढले आणि देशभरातील सुमारे 300 छोट्या बँकांचे व्यवहार अडले. एका ठिकाणी पडलेली फट किती गावांच्या काउंटरपर्यंत पोहोचते, हे त्या वेळी दिसले.

बंद करण्याऐवजी काय करावे?

‘सेटएन्फोर्स ०’ चा परिणाम मशीन पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकतो. भारनियमनात सर्व्हर बंद पडला की तीच चूक पुन्हा पडद्यावर. मग कंटाळून सेटिंगच्या फायलीत एसईलिनक्स कायमचे बंद केले जाते. त्यानंतर तयार होणाऱ्या फायलींना चिठ्ठ्याच लागत नाहीत आणि पुढे ते सुरू करायचे म्हटले तर सगळ्या डिस्कवर पुन्हा लेबल लावत बसावे लागते. कंटेनर ‘प्रिव्हिलेज्ड’ म्हणून चालवणे हा दुसरा आवडता उपाय. तो तर याहून वाईट, कारण त्यात त्या कंटेनरवरचे बहुतेक निर्बंध एकाच वेळी उठतात.

बहुतेक वेळा दुखणे किरकोळ असते. बाहेरचे फोल्डर कंटेनरला जोडले, पण त्यावर कंटेनरची चिठ्ठी नाही. जोडताना शेवटी कोलन देऊन कॅपिटल ‘झेड’ लिहिले, की ते फोल्डर त्याच एका कंटेनरच्या नावे होते. स्मॉल ‘झेड’ लिहिले तर इतर कंटेनरांनाही चालते. इथे एक सावधानता हवी. ही खूण ‘होम’ किंवा ‘ईटीसी’सारख्या मशीनच्या मूळ फोल्डरवर कधीही वापरू नये. तिथल्या सगळ्या चिठ्ठ्या बदलतात आणि मग लॉगिनसुद्धा अडू शकते.

तेवढ्याने भागले नाही तर ऑडिट लॉग उघडावा. कोणत्या प्रक्रियेला कोणती फाइल नाकारली, हे ‘एव्हीसी डिनाइड’ या ओळीत स्पष्ट लिहिलेले असते. सायबर घटना सहा तासांत कळवण्याचा आणि लॉग 180 दिवस जपण्याचा सर्ट-इनचा आदेश एप्रिल 2022 चा आहे. या नोंदी त्यासाठीही कामाच्या. त्यांवरून ‘ऑडिटटूअलाउ’ नियम तयार करून देते, पण ते डोळे झाकून वापरणे धोक्याचे. नोंदीत हल्लेखोराची धडपड असेल, तर तिलाही परवानगी मिळून जाते. कंटेनरसाठी ‘युडिका’ हे साधन जास्त बरे. ते कंटेनरची जोडणी वाचते, म्हणजे कोणती फोल्डरे, कोणते पोर्ट आणि कोणते अधिकार दिले आहेत ते पाहते, आणि तेवढ्याचाच वेगळा बिल्ला बनवते.

हा नवा बिल्ला सुरुवातीला ‘परमिसिव्ह’ ठेवावा; म्हणजे नियमभंग अडवला जात नाही, फक्त नोंदला जातो. सवलत त्या एका बिल्ल्यालाच द्यायची, सगळ्या मशीनला नाही. ही चाचणी किती दिवस चालवायची, याचे उत्तर संस्थेच्या वहीत सापडते. रोजच्या भरण्या-काढण्यात सॉफ्टवेअर ज्या फायलींना हात लावत नाही, त्या महिनाअखेरच्या व्याज आकारणीला लागतात आणि 31 मार्चच्या ताळेबंदाला आणखी वेगळ्या. दोन दिवसांच्या चाचणीवर सक्ती सुरू केली, तर कंटेनर नेमका मार्चअखेरच्या रात्री अडतो आणि तेव्हा पुन्हा कुणाला तरी ‘सेटएन्फोर्स ०’ आठवते. त्यामुळे निदान एक महिनाअखेर पार पडू द्यावी आणि वर्षअखेरीची कामे चाचणीच्या डेटावर आधीच एकदा चालवून पाहावीत. त्यानंतरच सक्ती लावावी.