ऑनलाइन भूमिका-खेळ : शुल्कपद्धती आणि रचना यांचा परस्परसंबंध

हजारो खेळाडू एकाच काल्पनिक विश्वात वावरतात अशा ऑनलाइन भूमिका-खेळांची रचना बव्हंशी त्यांच्या शुल्कपद्धतीवर अवलंबून असते. या पद्धतींचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार मासिक वर्गणीचा. ‘अल्टिमा ऑनलाइन’ (१९९७) व ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) ही त्याची ठळक उदाहरणे होत. खेळाडू जितका काळ टिकेल तितके उत्पन्न वाढत असल्याने येथे प्रगती संथ ठेवली जाते. ‘वॉरक्राफ्ट’मध्ये आरंभी ६० पातळ्या होत्या. दुसऱ्या प्रकारात खेळ एकदाच विकत घ्यावयाचा असतो. वर्गणी न घेणाऱ्या ‘गिल्ड वॉर्स’ने (२००५) २० पातळ्या पुरेशा मानल्या.

तिसऱ्या प्रकारात प्रवेश मोफत असून उत्पन्न खेळातील वस्तूंच्या विक्रीतून मिळते. कोरियातील ‘मेपलस्टोरी’ (२००३) या वर्गात मोडतो. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा ‘इंडस’ (२०२४) भूमिका-खेळ नसला तरी त्याचाही प्रवेश मोफत आहे. केवळ वेशभूषा विकल्यास स्पर्धेचा समतोल राहतो. सामर्थ्य विकल्यास तो ढळतो. कंटाळवाणा टप्पा पैसे देऊन ओलांडता येत असेल, तर तो कंटाळवाणाच ठेवण्यात निर्मात्याचे हित असते.

भारताच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशांच्या खेळांना मनाई असून, पैजेचे स्वरूप नसलेल्या वर्गणीस व प्रवेशशुल्कास मुभा आहे. तथापि, पैज नसलेल्या खेळातही विद्यार्थ्याचा वेळ व पैसा खर्ची पडतो. त्यामुळे ‘मोफत’ खेळ नेमके काय विकतो, हे विद्यार्थ्यांना तपासावयास शिकविणे अगत्याचे ठरते.