चार घास

पहाटे ५.१५

डोंबिवली पूर्व. तळमजल्यावरचा वन बीएचके. सोसायटी अजून झोपेत आहे, पण या स्वयंपाकघरातला दिवा लागलाय. काकूंनी दुधाच्या दोन पिशव्या कापल्या, पातेल्यात ओतल्या. अठ्ठावन्न रुपये लिटर. रात्री भिजवलेली मुगाची डाळ चाळणीत निथळतेय. दुसऱ्या बर्नरवर रवा भाजायला घेतलाय. उपमा आठ वाजता लागतो, पण रवा आत्ताच भाजून ठेवायचा. नंतर हात मोकळे नसतात.

फ्रिजच्या दारावर पांढरा फळा. अंडं चालतं – सहा. कांदा-लसूण-बटाटा नाही – एक, डबा घरचा. गाईचं दूध नाही – बाळ. दाणे नाहीत – एक. या शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्यात. एका मुलीला शेंगदाण्याने ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. तिच्यासाठी वेगळी भांडी ठेवून बघितली. मुलं एकमेकांच्या ताटलीत हात घालतात, तेव्हा वेगळं काही राहत नाही. म्हणून मग घरातून दाणेच गेले. कूट नाही, चिक्की नाही. काकूंच्या एकादशीची साबुदाण्याची खिचडीही गेली.

काकू बावन्न वर्षांच्या. एकोणीस वर्षं पाळणाघर चालवतायत. सध्या चौदा मुलं. त्यातल्या बारा जणांचं खाणं इथलंच.

सकाळी ६.२०

मावशी आल्या. दिव्याहून येतात. या वेळेला कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते. महिना साडेनऊ हजार आणि दुपारचं जेवण. आल्या आल्या हात धुतले, कोपरापर्यंत. नखं काकूंना दाखवली. हे रोजचं आहे, दोघींना त्याचं काही वाटत नाही. मग वाट्या, चमचे, बाळाच्या बाटल्या मोठ्या पातेल्यात उकळायला टाकल्या.

सकाळी ६.५०

पहिलं गिऱ्हाईक सात महिन्यांचं. आईच्या खांद्यावर पर्स, पाठीवर लॅपटॉप, हातात बर्फाची पिशवी. पिशवीत काढलेल्या दुधाच्या तीन बाटल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, तारीख आणि वेळ. काकूंनी वेळा वाचून बाटल्या फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेवल्या, दारात नाही. दार सारखं उघडतं.

आईची रजा सव्वीस आठवड्यांची होती. २०१७ साली कायदा बदलला, तेव्हापासून एवढी मिळते. म्हणजे बाळाचं वरचं खाणं सुरू व्हायचं आणि आईने कामावर रुजू व्हायचं, दोन्ही एकाच सुमारास. पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय द्यायची, असंही त्याच वेळी कायद्यात आलं. या आईच्या कंपनीची सोय मुंबईत, बीकेसीत आहे. सकाळच्या लोकलच्या डब्यात बाळ घेऊन चढायचं कसं, ते कायद्यात नाही.

"सासूबाईंनी हे दिलंय," आई म्हणाली. छोटी बाटली. मध.

"वर्षाच्या आत मध नाही गं. त्यात जंतू असू शकतात, एवढ्याशा पोटाला झेपत नाहीत. माझं नाव सांग त्यांना."

बाटली परत पर्समध्ये गेली. आई स्टेशनकडे पळाली.

सकाळी ८.०५

नऊ मुलं आली. चटईवर अर्धगोल. उपमा, त्यात गाजर किसून. बाळाला खिमट. काकू ते घरीच करतात. रविवारी तांदूळ आणि मूगडाळ धुऊन वाळवायची, भाजायची, चिमूटभर जिरं घालून जाडसर दळायची. दोन चमचे पिठाचं वाटीभर होतं. मीठ नाही, साखर नाही. मावशी चाखून बघतात आणि तोंड वाकडं करतात. बाळ मात्र चाटूनपुसून खातं.

दारात वीस महिन्यांचा एक जण, बाबांचा हात धरून. पिशवीतून क्रीमच्या बिस्किटांचा पुडा आणि रसाचं खोकं डोकावतंय.

"काकू, नाही दिलं तर फार रडतो."

"रडेल. दहा मिनिटं रडतो, मग उपमा खातो. तुम्ही थांबता ती दोन मिनिटंच."

पुडा आणि खोकं दाराजवळच्या बादलीत गेलं. बादलीतल्या वस्तू संध्याकाळी परत. दोन वर्षांच्या आत गोड पेयं नकोत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली लिहून ठेवलंय. काकूंनी ते वाचलेलं नाही. रस प्यायलेलं मूल बाराला जेवत नाही, एवढं त्यांनी बघितलेलं आहे.

सकाळी ९.४०

गेटाशी भाजीची गाडी. मावशी आत, काकू बाहेर. लाल भोपळा अर्धा किलो, पंचवीस. गाजर अर्धा किलो, पंचवीस. पालकाच्या दोन जुड्या, चाळीस. कोथिंबीर दहा, लिंबं दहा. एकशे दहा झाले. पुढच्या गाडीवर केळी डझनभर साठ, पपई पन्नास. पपई दाबून नाही, वास घेऊन घेतली. कोपऱ्यावर सहा अंडी, बेचाळीस रुपये. गेल्या पावसाळ्यात हेच अंडं सहाला होतं. काकू मोजून सहाच घेतात. सातवं फुटायला नको.

सकाळी १०.३०

नवं जोडपं पाळणाघर बघायला आलं. मूल चौदा महिन्यांचं. बायकोच्या मोबाइलमध्ये प्रश्नांची यादी.

"पाणी?"

"उकळलेलं. फिल्टर आहे, तरी उकळते."

"तेल कुठलं?"

काकूंनी डबाच काढून दाखवला.

"साखर?"

"दोन वर्षांपर्यंत वरून घालत नाही. फळं आहेत की."

"कालचं काही देता का?"

"कालचं आम्ही दोघी खातो."

नवऱ्याने भिंतीवरचा कागद वाचला. अन्न खात्याची नोंदणी. मग ओट्यावर एक नजर, सिंकखाली एक नजर. काकू बाजूला सरल्या, नीट बघता यावं म्हणून. त्यांना याचा राग येत नाही. जे काहीच विचारत नाहीत, ते महिन्याभरात भांडतात, असा त्यांचा अनुभव आहे.

शेवटचा प्रश्न तिने यादीत न बघता विचारला. "जेवला नाही तर काय करता?"

"तासाभराने पुन्हा विचारते. जबरदस्ती नाही. आणि तुम्हाला खरं सांगते."

दिवसभराचे महिन्याला साडेपाच हजार, खाण्याचे बाराशे वेगळे. ते म्हणाले, कळवतो.

सकाळी ११.१५

कुकरच्या शिट्ट्या मोजत चिराचिरी. गाजर वाफवून लांबट फोडी. काल एका आजोबांनी आणलेली द्राक्षं निघाली. काकू प्रत्येक द्राक्ष उभं कापतात, मग पुन्हा उभं. एकाचे चार. आडवं कापलं तर चकती होते, ती घशात झाकणासारखी बसते. फुटाणे, पॉपकॉर्न, आख्खी सुपारीएवढी गोळी, काहीही या घरात येत नाही. पाव किलो द्राक्षांना वीस मिनिटं लागली. मुलांनी ती चार मिनिटांत संपवली.

पालकांच्या ग्रुपवर एक फोटो टाकायचा असतो. ताटलीचा टाकला. लगेच तीन अंगठे आणि एक प्रश्न: "भात रोजच का?"

दुपारी १२.१५

जेवण. मऊ भात, मुगाचं वरण, तूप, भोपळ्याची भाजी. लहान आधी, मोठी नंतर. मावशी बाळाला मांडीवर घेऊन चमचा धरतात. काकू बाकीच्यांमध्ये फतकल मारून बसतात. एक हात भातात, दुसरा कुणाच्या तरी पाठीवर. गुडघे दुखतात, पण खुर्चीवरून भरवता येत नाही. मुलाचं तोंड समोर, आपल्या तोंडाच्या उंचीला लागतं.

अडीच वर्षांचा एक जण नवा आहे. घरी समोर मोबाइल ठेवून जेवायचा. चित्रं चालू असली की तोंड आपोआप उघडायचं, केव्हा पोट भरलं ते त्यालाही कळायचं नाही. इथे मोबाइल नाही. पहिले काही दिवस तो ताटलीकडे पाठ करून बसला. आज तोंड ताटलीकडे आहे. वरणात बोट बुडवलं, चाटलं. काकू बघत नसल्यासारखं करतात. पुन्हा बोट. मग मूठ.

१२.४० ला फोन वाजला. भिंतीवर कॅमेरा आहे, पालकांच्या आग्रहाने बसवलेला. बत्तीसशे रुपये काकूंचेच. एक बाबा अंधेरीतल्या ऑफिसातून बघतायत.

"काकू, ती मान हलवतेय. तिचं झालं का?"

"मान हलवतेय म्हणजे नको म्हणतेय. अर्धी वाटी गेलीय."

"अजून दोन घास बघा ना."

"पोट तिचं आहे. चारला केळं खाईल." त्यांनी फोन कान आणि खांद्यामध्ये धरला होता. हात तसाच भातात.

१.०५ ला वही उघडली. शाळेच्या वहीचं पान, रेघा मारून केलेले रकाने. नाव, नाश्ता, जेवण, खाऊ, शी. जेवणाच्या रकान्यात पाव, अर्धं, पाऊण, पूर्ण. नव्या मुलासमोर काकूंनी लिहिलं: चार घास.

"ताई, अर्धं लिहा की," मावशी म्हणाल्या. "त्याची आई उगाच धसका घेते. कोण बघतंय?"

"अर्धं लिहिलं तर ती रात्री नुसतं दूध देऊन झोपवेल. मग हा दोन वाजता उठेल भुकेने. ती सकाळी सहाची गाडी धरते."

चार घास तसेच राहिले.

दुपारी १.४०

शाळेच्या व्हॅनमधून मोठी पाच जण उतरली. दप्तरातले डबे आधी ओट्यावर. एकात अर्धी पोळी, एकात न उघडलेला केकचा पुडा. जेवायला मात्र सगळी तुटून पडतात. सहा वर्षांची एक जण वरण मागते, तिसऱ्यांदा. काकू वाढतात. ते काकूंच्या वाटणीचं आहे, हे तिला कळत नाही. कळायचं कारणही नाही.

दुपारी २.२०

मुलं झोपली. दोघींचं जेवण ओट्यापाशी उभ्यानेच. कालची पोळी, आजची भाजी, लोणचं. मग भांडी. चौदा ताटल्या, तेवढ्याच वाट्या, तीन पातेली, कुकर. मावशी घासतात, काकू विसळतात. चटई उचलून खालचा भात झाडला. भोपळा फरशीला चिकटला की खरवडावा लागतो.

दुपारी ३.१०

नव्या मुलाच्या आईचा फोन. कॉल सेंटरमध्ये आहे, चहाच्या सुट्टीत बोलतेय. वहीचा फोटो बघितलाय.

"काकू, चारच?"

"चारच. पण स्वतःच्या हाताने."

पलीकडे थोडं गप्प. "घरी तर वाटीभर खातो."

"मोबाइलवर खातो. इथे भुकेवर खाईल. आठवडा दे मला. आणि आज घरी गेलीस की सातला खिचडी दे, दूध नंतर. वजन या शनिवारी डॉक्टरांकडे करून ये, म्हणजे तुलाही बरं आणि मलाही."

"मी वाईट आई आहे का हो?"

"तुझी सुट्टी संपेल. चहा पी."

दुपारी ४.००

खाऊ. उकडलेली सहा अंडी, अर्धी-अर्धी करून. बाकीच्यांना राजगिऱ्याचा लाडू, कुस्करून. सगळ्यांना केळं, दूध. बाळासाठी तिसरी बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी करून कोमट केली. गॅसवर कधीच नाही. तळाशी उरलेलं दूध बाळाने नको म्हटलं, ते ओतून दिलं. आईने ऑफिसच्या कुठल्या खोलीत बसून काढलं असेल, मावशींच्या मनात येतं. पण उष्टं ठेवायचं नाही.

नव्या मुलाने केळं सोलून घेतलं नाही. सालीसकट चावलं, थुंकलं, मग स्वतः सोललं. संपवलं. वहीत: केळं, पूर्ण.

संध्याकाळी ६.४५

निम्मी मुलं गेली. गाड्या उशिराने धावतायत. सातनंतर दर अर्ध्या तासाला पन्नास रुपये, अशी पाटी दारावर आहे. ज्या दिवशी गाड्या रखडतात त्या दिवशी काकू ते घेत नाहीत. थांबलेल्या तिघांना पातळ मुगाची खिचडी. ती हिशेबात कुठेच नसते.

प्रत्येक जण दारात चपलांसकट तेच विचारतो. जेवला? जेवली? झोपली का, पडला का, रडली का हे मागाहून. काकू वही पुढे करतात. क्रीमच्या बिस्किटांचा पुडा बाबांच्या हातात परत जातो. रस्त्यात पहिल्या वळणावर तो फुटणार, हे दोघांनाही माहीत आहे.

७.३५ ला शेवटची आई आली. मावशी तिच्याबरोबरच निघाल्या.

रात्री ८.३०

हिशेब. दूध एकशे सोळा. भाजी एकशे दहा. फळं एकशे दहा. अंडी बेचाळीस. तांदूळ, डाळ, तूप, रवा मिळून एकशे साठ. सिलिंडर पंधरा दिवस पुरतो, त्याचे रोजचे साठ. बेरीज पाचशे अठ्ठ्याण्णव. बारा मुलांचे प्रत्येकी बाराशे, चोवीस दिवसांनी भागले की रोजचे सहाशे. दोन रुपये उरले. साबण धरला तर तेही नाहीत. दिवसाच्या फीमधून मावशींचा पगार, भाडं, वीज जाते. तिकडून इकडे काही ओढता येत नाही.

साखरेचं पीठ कालवून दिलं, चहा-बिस्कीट दिलं, तर रोजचे शंभर सहज वाचतील. काकूंनी तो हिशेब कधी तरी करून बघितलाय.

मोबाइल घेतला. ग्रुपवर टाइप करायला वेळ लागला. दोनदा खोडलं. "नमस्कार. पुढच्या महिन्यापासून खाण्याचे बाराशेऐवजी साडेतेराशे होतील. अंडी आणि दूध महागलंय. खाणं तेच राहील." पाठवलं.

निळ्या खुणा पटापट उमटल्या. उत्तर कुणाचंच नाही. नऊ वाजता पहिलं आलं, अंधेरीच्या बाबांचं.

"चालेल काकू. अंडं रोज देता येईल का?"

काकूंनी लिहिलं, "रोज हवं असेल तर चौदाशे."

पलीकडे ते काही तरी टाइप करू लागले.