जंतांचा गोळा : शस्त्राविना उपचार

लहान मुलाचे पोट फुगले, उलट्या सुरू झाल्या आणि क्ष-किरण चित्रात फुगलेली आतडी दिसली, की आईवडिलांचा पहिला प्रश्न ‘ऑपरेशन करावे लागेल का?’ हाच असतो. अडथळा अपूर्ण असेल, म्हणजे थोडा वायू, थोडा मळ पुढे सरकत असेल, तर पुष्कळदा ते टाळता येते. जंतांच्या गोळ्याने होणारा अडथळा हे याचे ठळक उदाहरण होय.

गोल जंत 15 ते 35 सेंटिमीटर लांब असतात. संख्या वाढली की ते एकमेकांत गुंतून लहान आतड्याच्या शेवटच्या, अरुंद भागात अडकतात. पोटावर हात ठेवल्यास मळलेल्या कणकेसारखा गोळा लागतो.

अशा वेळी आतड्याला विश्रांती द्यावयाची. तोंडाने काहीही नाही. नाकातून जठरात नळी, शिरेतून सलाईन, आणि पोटॅशियम उणे असल्यास त्याची भरपाई, कारण त्यावाचून आतडे लुळे पडते. बहुतेक मुलांत गोळा दोन-तीन दिवसांत सुटतो.

मोह होतो तो जंताचे औषध ताबडतोब देण्याचा. माझ्या उमेदवारीच्या काळातील सहा वर्षांची एक मुलगी मी विसरू शकलेलो नाही. पोट दुखते म्हणून घरच्यांनी दोनदा औषध पाजले होते. लुळे पडलेले जंत पुढे सरकेनात. अखेर आतड्याचा काळवंडलेला तुकडा काढावा लागला. औषध द्यावे, पण अडथळा सुटल्यानंतर.

थांबणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. दर काही तासांनी, शक्यतो एकाच डॉक्टराने पोट तपासावे. (पाळी बदलली की हातही बदलतो, ही आपल्या रुग्णालयांची जुनी अडचण.) गोळा जागा बदलत असेल तर धीर धरावा. तो एकाच जागी घट्ट राहिला, दुखणे अखंड झाले, नाडी व ताप चढला, पोट कडक झाले वा शौचातून रक्त गेले, तर शल्यचिकित्सकाला बोलावण्यास क्षणाचाही विलंब नको. खरे तर पहिल्याच दिवशी त्यांना मूल दाखवून ठेवावे.

2015 पासून शाळा-अंगणवाड्यांतून राष्ट्रीय जंतनाशक दिनी अल्बेंडाझोल दिले जाते. तरीही मातीतील अंडी हातावाटे पुन्हा पोटात जातातच. म्हणून घरी पाठविताना मी मुलाची नखे आधी पाहतो.