कैलास सगळ्यांत शेवटी

वेरूळला तिकीट काढून आत शिरलं की समोर कैलासच उभं असतं. त्यामुळे बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात, मनसोक्त फोटो काढतात, शेजारच्या एखाद्या लेण्यात डोकावतात आणि घृष्णेश्वराच्या रांगेत जाऊन उभे राहतात. हाताशी एकच दिवस असेल तर हा क्रम उलटा करावा. कैलास शेवटी ठेवावं आणि तोवर एकाच गोष्टीचा माग काढत हिंडावं. ती गोष्ट रावणाची.

विमानातून निघालेल्या रावणाची कैलासापाशी वाट अडवली जाते. संतापून तो पर्वतच उपटायला जातो. पर्वत हादरतो, पार्वती घाबरते. शंकर मात्र बसल्या जागी पायाचा अंगठा दाबतो आणि दशानन खाली अडकतो. पुढे रावण स्तुती करतो आणि शिव प्रसन्न होतो, म्हणून मूर्तिशास्त्रात या प्रसंगाला रावणानुग्रह म्हणतात. वेरूळच्या कारागिरांनी तो दोनेकशे वर्षं पुन्हा पुन्हा कोरला.

इथल्या 34 लेण्यांपैकी 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू आणि 30 ते 34 जैन. हे क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे दिलेले आहेत, वयानुसार नव्हे. म्हणून काळाच्या ओघाने पाहायचं तर आधी 21 क्रमांकाचं रामेश्वर गाठावं. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे लेणं. अंगणात चौथऱ्यावर नंदी, दर्शनी भागावर मकरावर उभी असलेली गंगा. ही गंगा घाईत पाहू नये. वेरूळमध्ये इतकी डौलदार मूर्ती क्वचितच सापडेल. आत सप्तमातृका आहेत, शिवपार्वतीचं लग्न आहे, दोघांचा सारीपाटाचा डाव आहे आणि आपला रावणही आहे.

तिथून 29 क्रमांकाचं धुमार लेणं. अंतर बरंच आहे, आवारातली बस मिळाली तर घ्यावी. पावसाळ्यात शेजारी येळगंगेचा धबधबा कोसळत असतो आणि गर्दी त्याच्याकडे वळते, ते आपल्या पथ्यावरच पडतं. सभामंडपात चारही बाजूंना दारं असलेलं गर्भगृह आणि प्रत्येक दाराशी माणसाला ठेंगणं करून टाकणारे द्वारपाल. मुंबईजवळची घारापुरी पाहिलेल्याला ही मांडणी लगेच ओळखीची वाटते. तिथल्या मुख्य लेण्यातही रावणानुग्रह आहे. मुंबईबाहेर पडायला सवडच नसेल त्यांनी गेटवेहून बोटीने जाऊन तो पाहावा. धुमार लेण्यातला रावण प्रचंड आहे, पण अजून भिंतीचाच आहे.

परतताना 14 आणि 15. चौदाव्याला लोक ‘रावण की खाई’ म्हणतात. तिथेही हा प्रसंग भेटतो. पंधरावं दशावतार. त्याच्या अंगणातल्या मंडपावर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा शिलालेख आहे. वरच्या मजल्यावर हिरण्यकशिपूवर झेपावणारा नरसिंह आहे, त्यासाठी जिने चढण्याचे श्रम घ्यावेत. याच दंतिदुर्गाने आठव्या शतकाच्या मध्यावर बदामीच्या चालुक्यांची सत्ता मोडली. त्याच्यामागून आलेला त्याचा चुलता कृष्ण पहिला याच्या नावावर कैलास जमा आहे.

आता सोळा क्रमांकात, म्हणजे कैलासात शिरावं. हे लेणं डोंगरात शिरून पोखरलेलं नाही. वरून तीन बाजूंनी खोल चर खणून मधला खडक सुटा केला आणि शिखरापासून पायाकडे घडवत आणला. राणीने शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचा पण केला आणि पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने आधी शिखरच करून दाखवलं, अशी दंतकथा आहे. कथा खरी नसली तरी कामाची रीत तिने अचूक लक्षात ठेवली आहे. परग्रहावरच्या यंत्रांच्या व्हॉट्सॲपी कथांना तेवढीही अक्कल नाही. जवळ जाऊन पाहिलं तर छिन्नीच्या खुणा आजही दिसतात. बडोद्याच्या 812 सालच्या ताम्रपटात तर हे आपल्या हातून कसं घडलं याचं खुद्द शिल्पकारालाच नवल वाटल्याचा उल्लेख आहे.

मंदिराच्या दक्षिण अंगाला जावं. तिथे खालच्या बाजूला रावण आहे. इथे तो भिंतीतून सुटलेला आहे, खोल काळोख्या पोकळीत, पाठीवर ओझं पेलत. वर पार्वती शंकराच्या दंडाला बिलगलेली, मागे दासी पळत सुटलेली. सकाळपासून पाहिलेल्या रावणांत आणि याच्यात फरक एवढाच, की ते कोरलेला पर्वत हलवत होते आणि याच्या डोक्यावर कैलास नावाचं सबंध देऊळ आहे. मला हे वेरूळमधलं सर्वांत धाडसी शिल्प वाटतं, आणि आधीचे रावण न पाहता आलेल्याला त्यातलं धाडस पुरतं कळणार नाही.

डोंगराचा हा कडा पश्चिमेला तोंड करून आहे, तेव्हा सकाळी सावली आणि दुपारनंतर ऊन. अंधाऱ्या कोपऱ्यांसाठी विजेरी जवळ ठेवावी. लेण्यांच्या वरच्या अंगाने जाणारी वाट खुली असेल तर मंडपाच्या छतावरचं कमळ आणि चार सिंह वरून पाहावेत. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ साधारण 30 किलोमीटर. मंगळवारी लेणी बंद असतात.