चाकांवरचं घर – भाग ६ : वरसून बरी, खालसून खाल्लेली

मावसभाऊ पुण्यात, गाडी देवबागला. मध्ये साडेतीनशेहून अधिक किलोमीटर आणि एक घाट. गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर. सीटा काढून आत दोन पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज आणि मागच्या कोपऱ्यात संडास बसवलेला. मालकाने बावीस फोटो पाठवले होते. निम्म्याहून जास्त पडद्यांचे, उशांचे आणि खिडकीतून दिसणाऱ्या कर्लीच्या खाडीचे. गाडीच्या पोटाखालचा एकही नाही. "तू मालवणातच आहेस, एकदा नजर टाकून ये ना," असा भावाचा फोन आला. मला गाडीतलं कळतं ते टायर बसलाय इतपतच, म्हणून कुडाळच्या ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन निघालो.

मालक कौतुकाने दार उघडून उभा. मिस्त्री आत चढलाच नाही. गोणपाट अंथरलं, स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि उताणा होऊन खाली सरकला. पाच मिनिटांनी कपडे झटकत बाहेर आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादानू, वरसून बरी दिसता, पण खालसून खाल्लेली आसा."

देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधली चिंचोळी वाळूची पट्टी. इथली हवा पत्र्यावर मीठ आणून बसवते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की हे मीठ आपणहून ओलावा ओढून घेतं आणि त्याचं खारं पाणी होतं. पावसाळ्यात इथली हवा बहुतेक वेळ त्याहून दमट, म्हणजे छपराखाली उभ्या गाडीचं लोखंडही ओलंच राहतं. वरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, पोटाखालचं कोणी धूत नाही. त्यातून पाहुण्यांच्या हौसेसाठी गाडी कधी तारकर्लीच्या वाळूत लाटेपर्यंत नेली असेल, तर संपलंच. हा प्रश्न मालकाला थेट विचारावा. उत्तरापेक्षा उत्तराआधीचा थांबा ऐकावा.

म्हणून लांबून गाडी बघायची तर फोटो मागू नका, व्हिडिओ कॉल मागा, आणि तो सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी. गरम करून ठेवलेलं इंजिन पहिल्या सेलला लागतंच. थंड इंजिन सुरू होताना मागून निळा धूर आला तर ऑइल जळतंय, पांढरा धूर बराच वेळ थांबेना तर कूलंटचं पाणी आत शिरत असावं. मग मोबाइल गाडीखाली धरायला लावा. चासीचे उभे-आडवे मेंबर, पाट्यांच्या मधल्या फटी, ब्रेकच्या नळ्या. ताजा काळा रंग मारलेला दिसला तर आनंदू नका. विकायच्या आदल्या आठवड्यात खालून रंग कोण कशाला काढतो? स्क्रू-ड्रायव्हरची मूठ आपटली की निकोप लोखंड ठणठणतं, कुजलेलं भदभद वाजतं. हा आवाज फोनवरही ऐकू येतो.

वास मात्र फोनवर येत नाही. छपरातून पाणी गळालेल्या गाडीचा प्लाय आतून कुबट होतो, आणि घर केलेल्या गाडीच्या छपराला झरोका, एसी, सोलर असल्या कामांसाठी नाही म्हटलं तरी चार भोकं पाडलेली असतात. आमची गाडी तर नारळाखाली होती. छपरावर दोन पोचे. कुणाला तरी पाठवून गाद्या उचलायला लावा, कोपऱ्यातला प्लाय अंगठ्याने दाबायला लावा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायला सांगा. पुरात बुडालेली गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या शेवटच्या वीतभर भागात गाळाची रेघ राहते. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा पूर आणि २०२१ चा चिपळूणचा आठवा.

फ्रिज, बॅटरी, शेगडीवर मी शब्द घालवत नाही. ते बदलता येतं, पलंग कुडाळचा सुतार नवा करून देईल. बदलता येत नाहीत ते चासी आणि कागद.

आरसीवर गाडीचा प्रकार काय लिहिलाय ते आधी वाचा. पूर्वी टुरिस्ट म्हणून फिरलेल्या गाडीच्या आरसीत अजून बारा-तेरा आसनं असतात आणि आत दोन पलंग. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओच्या नोंदीशिवाय चालत नाही, आणि अपघात झाला की विमा कंपनी नेमकं तेच पान उघडते. पिवळी पाटी असेल तर फिटनेसची तारीख बघा. आठ वर्षांनंतर तो दरवर्षी करावा लागतो. कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. दोडामार्ग-बांद्याकडे गोवा पासिंगच्या गाड्या स्वस्त मिळतात असं सांगतात, पण त्यात फॉर्म २८ ची एनओसी, इथला कर आणि नवा नंबर धरलेला नसतो.

विकणाऱ्यालाही यात धोका आहे. गाडी दिली पण नाव बदललं नाही, तर अपघाताची भरपाई आरसीवरच्या मालकाकडे येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय, आणि गाडी कोणत्या दिवशी किती वाजता ताब्यात दिली ते कागदावर आल्याशिवाय किल्ली हलू नये. टोकन द्यायचंच तर अगदी थोडं, आणि पावतीवर.

एक जुनी युक्ती मिस्त्रीने दाखवली. चासीवर ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल घासायची; आरटीओच्या कामात असा ठसा लागतोच. त्याचा फोटो घेऊन आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवायचं. आमच्या कागदावर सतरा जागांपैकी चौदा उमटल्या. शेवटच्या तिघांच्या जागी नुसती खरबरीत करडी पट्टी होती, गंजाची. मी तो फोटो भावाला पाठवला. त्याने तासाभराने विचारलं, "नवीन पंच करून मिळत नाही का?" मिळतो, आरटीओच्या परवानगीने. पण तो खटाटोप मालकाने आपल्या नावावर असतानाच करायचा, हे मिस्त्रीने निक्षून सांगितलं, सातशे रुपये खिशात घातले आणि गोणपाट गुंडाळलं.

(पुढील भागात : पाण्याची टाकी आणि सांडपाणी)