खडूने लिहिलेले चार शब्द

पेण तालुक्यातील गागोदे या लहानशा खेड्यात, जेथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबांचा जन्म झाला, त्यांच्या आजोबांच्या घरी भाद्रपदातला गणपती चंदनाचा असे. घरातली मुलेमाणसे सहाणेवर खोड उगाळीत बसत, जमलेल्या गंधातून मूर्ती घडविली जाई, तिची प्रतिष्ठापना होऊन पूजाआरती होई, आणि नेमल्या दिवशी तीच मूर्ती पाण्यात सोडून दिली जाई. ही आठवण स्वतः विनोबांनीच सांगून ठेवली आहे. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या गावांत आज गणपतीचे जे कारखाने चालतात, त्यांतल्या कोणत्याही कारखान्यात आषाढात डोकावले, तर ओळीने मांडलेल्या मूर्तींपुढे बसलेला एखादा कारागीर श्वास रोखून बारीक कुंचल्याने डोळ्यांची आखणी करताना दिसतो. आणि तरीही त्या क्षणी ती मूर्ती त्याच्या लेखी मातीच असते, तिला तो कलती करतो, उचलून बाजूला ठेवतो, तिची किंमत ठरवितो. माती देव केव्हा होते, असे पेणच्या माणसाला विचारले, तर यजमानाच्या घरी पाटावर बसवून प्राणप्रतिष्ठा झाली म्हणजे होते, आणि उत्तरपूजा होऊन मूर्ती जागची हलविली म्हणजे पुन्हा मातीची माती, हे उत्तर तो क्षणाचाही विलंब न लावता देईल.

ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते, त्याच जातीच्या एका प्रश्नावरून युरोपातील धर्मसुधारणेची दोन शकले झाली आणि ती सांधावयास ४४४ वर्षे लागली.

१५२९ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या आरंभी जर्मनीतील हेसे प्रांताचा अधिपती फिलिप याने मारबुर्ग येथील आपल्या गढीत एक धर्मविषयक मसलत भरविली. तुर्कांची फौज व्हिएन्नाच्या तटाला भिडलेली, बादशहा पाचवा चार्ल्स रोमच्या पोपच्या पक्षाला बांधलेला, आणि नव्या मताचे लोक मात्र आपापसांत भांडणारे, अशा बिकट समयी सॅक्सनीचा मार्टिन ल्यूथर आणि झ्यूरिखचा उलरिख झ्विंग्ली यांना एका मेजाशी बसवून त्यांच्यात तह घडवावा, अशी त्याची इच्छा होती. पंधरा कलमांचा मसुदा झाला; चौदा कलमांवर दोघांची कबुली पडली. पंधराव्या कलमातील एका मुद्द्यावर मात्र सारे अडले. आपल्या अखेरच्या भोजनाच्या वेळी येशूने भाकर हाती घेऊन ती आपले शरीर असल्याचे शिष्यांना सांगितले, त्या वचनातील ‘आहे’ या क्रियापदाचा अर्थ काय? झ्विंग्लीच्या मते ‘आहे’ म्हणजे ‘सुचविते’. भाकर ही खूण, प्रभुभोजन हे स्मरण. ल्यूथरच्या मते ‘आहे’ म्हणजे ‘आहे’. चर्चेला बसण्यापूर्वीच त्याने त्या वचनाचे चार लॅटिन शब्द मेजावर खडूने लिहून ठेवले होते, त्यांवर मखमली आच्छादन पसरले होते. आणि वाद ऐन रंगात आला असता ते आच्छादन दूर सारून त्याने त्या अक्षरांकडे बोट दाखविले. माझा आधार एवढाच, यापलीकडे मला जाता येत नाही, असा त्या बोटाचा अर्थ होता. मसलत मोडली.

पेणच्या वाचकाला येथे ल्यूथर आपला वाटण्याचा संभव आहे, आणि काही अंशी तो तसा आहेही. कारण भाकर भाकरच राहते, तिचे मूलतत्त्व पालटून जात नाही, तथापि तिच्यात, तिच्यासह आणि तिच्याखाली प्रभू खरोखर उपस्थित असतो, असे त्याचे प्रतिपादन होते. परंतु साम्य येथेच थांबते, आणि जेथे ते थांबते तेथेच ल्यूथरच्या सिद्धांताचा गाभा आहे. ही उपस्थिती पुरोहिताच्या अधिकाराने येत नाही, उपासकाच्या पुण्याईनेही येत नाही. देणाऱ्याने वचन दिले आहे, आणि तो दिल्या शब्दाला जागणारा आहे, एवढ्याच कारणाने ती येते. एर्फुर्टच्या मठात तरुण संन्यासी असताना, आपली एखादी चूक कबूल करावयाची राहून तर गेली नाही ना, या धास्तीने जो तासन् तास पापांगीकार करीत असे, त्या माणसाला पौलाची पत्रे वाचता वाचता एके दिवशी उमगले की, ईश्वराचे नीतिमत्त्व हे आपल्याकडून वसूल व्हावयाचे देणे नसून आपल्या पदरात पडणारे दान आहे. मराठी ख्रिस्ती मंडळी ज्याला ‘विश्वासाने नीतिमान ठरणे’ म्हणतात ते हेच. साधन थोर की कृपा थोर, या प्रश्नाचा आपल्या संतांनी शतकानुशतके जो शोध घेतला, तो ज्यांच्या कानांवरून गेला आहे, त्या वारकऱ्यांच्या मुलखात हे तत्त्व फार फोड करून सांगावे लागू नये.

तारण जर वचनावर अवलंबून, तर ते वचन कोणीतरी मोठ्याने उच्चारले पाहिजे, आणि ऐकणाऱ्याच्या भाषेत उच्चारले पाहिजे. म्हणून ल्यूथरच्या पंथात प्रवचनाला वेदीच्या बरोबरीचे स्थान मिळाले. चर्च हे लेखणीचे घर नसून मुखाचे घर आहे, अशा आशयाचे त्याचे एक मत आहे. त्याची २००० हून अधिक प्रवचने आज उपलब्ध आहेत. पण त्यांतील १५२२ च्या मार्च महिन्यातील आठ मला सर्वांत मोलाची वाटतात. तो वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून बायबलच्या उत्तरार्धाचे जर्मन भाषांतर करीत असता इकडे विटेनबर्गमध्ये त्याच्या अनुयायांनी मूर्ती फोडल्या, जुन्या उपासनेवर जबरदस्ती चालविली, आणि हे सर्व त्याच्याच नावाने केले. जीव धोक्यात घालून तो परतला आणि ९ मार्चपासून ओळीने आठ दिवस प्रवचनपीठावर उभा राहिला. ना शिपाई, ना फर्मान. श्रद्धा कोणाच्या मानगुटीवर बसून उत्पन्न करता येत नाही, मी केवळ शिकविले आणि लिहिले, बाकीचे वचनानेच केले, हे तो सांगत राहिला. आणि शहर शांत झाले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा कैद्यांपुढे गीता उलगडीत असता साने गुरुजी जी टिपून घेत होते ती प्रवचने, किंवा रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी मुंबईच्या माधवबागेतील पाठशाळेत आयुष्यभर दिलेली प्रवचने, ही ज्यांनी वाचली वा ऐकली आहेत, त्यांना बोललेल्या शब्दाच्या या सामर्थ्याविषयी निराळा दाखला नको.

तोच ल्यूथर उतारवयात या सामर्थ्याचा भयंकर दुरुपयोग करून बसला, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १५४३ मध्ये त्याने यहुद्यांविरुद्ध जो ग्रंथ लिहिला, त्यात त्यांची सभास्थाने जाळण्याचा सल्ला आहे. चारशे वर्षांनी नात्झींनी तो ग्रंथ मोठ्या आवडीने वापरला, आणि १९८४ मध्ये जागतिक ल्यूथरन महासंघाच्या बुडापेस्ट अधिवेशनाने त्या लिखाणाचा जाहीरपणे अव्हेर केला. हे वाचताना आमच्या भागातील माणसाला विशेष लाज आणि विशेष समाधान अशा दोन्ही भावना होतात; कारण पेणकर आणि रोहेकर ही आडनावे ज्या बेने इस्राएल घराण्यांनी जगभर नेली, ती शनिवारी घाणा बंद ठेवणारी ‘शनवार तेली’ मंडळी येथे शतकानुशतके शेजारी म्हणून राहिली, आणि त्यांच्या प्रार्थनेच्या घराला काडी लावावी, असे येथे कोणाच्या मनात आले नाही.

मारबुर्गचा मोडलेला तह जुळला तो १६ मार्च १९७३ रोजी, स्वित्झर्लंडमधील लॉयेनबेर्ग येथील करारनाम्याने. ल्यूथरन आणि झ्विंग्लीच्या परंपरेतील रिफॉर्म्ड मंडळ्यांनी एकमेकांच्या प्रभुभोजनाला मान्यता दिली. रोमशी असलेला मूळ तंटा ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे नीतिमान ठरण्याविषयीच्या संयुक्त घोषणेने पुष्कळसा निवळला. सोळाव्या शतकातील परस्परांवरील दोषारोप आजच्या मांडणीला लागू पडत नाहीत, असे उभयपक्षी मान्य झाले. २०१६ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे पोप फ्रान्सिस आणि ल्यूथरन महासंघाचे अध्यक्ष मुनीब युनान हे एका उपासनेत शेजारी उभे राहिले.

भारतात मात्र ऐक्याची वाट निराळी होती. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासला चर्च ऑफ साउथ इंडिया आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात, सहा मंडळ्या मिळून, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. बिशप असलेले आणि नसलेले, बालकांना बाप्तिस्मा देणारे आणि केवळ प्रौढांनाच देणारे असे सारे त्यात आले; ल्यूथरन आले नाहीत. दक्षिणेत १९४८ पासून वाटाघाटी होऊनही ते वेगळेच राहिले, आणि १९७५ मध्ये त्यांच्या मंडळ्यांचे स्वतःचे संयुक्त मंडळ झाले. मराठी मुलखाला लागून असलेल्या छिंदवाड्याकडील, स्वीडिश मिशनने उभारलेली मंडळीही त्यातच आहे. हा हट्टीपणा होय, असे अनेक जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. आउग्सबुर्गच्या १५३० सालच्या कबुलीजबाबाप्रमाणे, शुभवर्तमान शुद्ध सांगितले जावे आणि संस्कार यथावचन व्हावेत, एवढे ऐक्याला पुरेसे आहे. मग बिशपांची परंपरा ही ऐक्याची शर्त कशासाठी, हा त्यांचा सवाल रास्त आहे. पण हीच कसोटी त्यांच्यावरही उलटते: एवढेच पुरेसे असेल, तर वेगळी चूल तरी कशासाठी?

आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी हा पेच आपल्या परीने सोडवू पाहिला. मिशनची चाकरी सोडून १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले येशूचे भक्त एकत्र यावेत, पंथाचे नाव कोणी विचारू नये, असा संकल्प होता. प्रवचनाला त्यांनी कीर्तनाचा साज चढविला. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार विस्कटला, ही मराठी ख्रिस्ती जीवनाची मोठीच हानी झाली.

परंतु मराठी माणसाचा आणि ल्यूथरच्या पंथाचा खरा निकट संबंध आला तो महाराष्ट्रात नव्हे, तर तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात. १७२६ मध्ये प्रशियात जन्मलेला, हाले येथे शिकलेला, कोपनहेगनला दीक्षा मिळालेला ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ हा १७५० मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या तरंगंबाडी ठाण्यात उतरला, पुढे लंडनच्या अँग्लिकन संस्थेच्या पगारावर काम करू लागला, आणि तरीही कोणी त्याला पुन्हा दीक्षा घेण्यास सांगितले नाही. एकाच माणसात डॅनिश सनद, जर्मन सिद्धांत आणि इंग्रजी पगार सुखाने नांदले. तमिळ तर त्याला उत्तम येई. तंजावरात आल्यावर दरबारी लोकांशी बोलता यावे म्हणून तो मराठीही शिकला. १७७९ मध्ये मद्रासच्या सरकारने हैदर अलीचा अंदाज घेण्यासाठी त्याला श्रीरंगपट्टणास पाठविले, तेव्हा हा मनुष्य आपल्याशी दगा करणार नाही, एवढ्या भरवशावर हैदराने त्याला भेट दिली. आणि हैदराकडून वाटखर्चासाठी मिळालेले ३०० रुपये त्याने एका धर्मार्थ शाळेला देऊन टाकले.

पुढे हैदराची स्वारी आली. तंजावरच्या किल्ल्यात अन्नान्नदशा, बाहेर मुलखात धान्य, पण ते आत आणावयास बैल मिळेनात. कारण पूर्वी राबविलेल्या बैलांचे पैसे रयतेला मिळालेच नव्हते, आणि राजा व इंग्रज यांपैकी कोणाच्याही शब्दावर आता तिचा विश्वास उरला नव्हता. अखेर तुळजाजी राजांनी श्वार्ट्झला गळ घातली. त्याने गावोगाव पत्रे लिहिली, दामाचा जिम्मा मी घेतो असे कळविले, आणि दोन-तीन दिवसांत बैलांचे तांडे वेशीत आले. धान्य आत आले, आणि प्रत्येकाचे पैसे त्याने चुकते केले. मारबुर्गच्या मेजावरील त्या अक्षरांचा अर्थ तंजावरच्या कुणब्याला कोणी सांगितला नसेल; परंतु वचन दिले म्हणजे वस्तू मिळालीच, हा अनुभव त्याने घेतला.

१७८७ मध्ये मृत्युशय्येवरील तुळजाजींनी आपला दहा वर्षांचा दत्तक पुत्र सरफोजी याचा हात श्वार्ट्झच्या हाती दिला. पालकत्व एकट्याने पत्करणे त्याने नाकारले आणि कारभार तुळजाजींचे बंधू अमरसिंग यांच्याकडे गेला. पण त्यांच्या अमलात मुलाची आबाळ होऊ लागली, तेव्हा श्वार्ट्झने कंपनी सरकारकडे दाद मागून १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलविले आणि गेरिके या आपल्या ल्यूथरन सहकाऱ्याच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण करविले. या मध्यस्थीचा राजकीय लाभ कंपनीला झाला, आणि १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार भोसल्यांच्या हातून गेला, हेही विसरता येत नाही. पण शिष्य घडला तो असामान्य: सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढविणारा, स्वतःचे देवनागरी मुद्रणालय काढून १८०६ मध्ये सख्खण पंडितांकरवी इसापनीतीचा मराठी तर्जुमा ‘बालबोध मुक्तावली’ छापविणारा, आणि त्याच वेळी काशीयात्रा करणारा निष्ठावंत शिवभक्त. सरफोजी कधीच ख्रिस्ती झाला नाही. श्वार्ट्झची तशी मनोमन इच्छा होती, यात शंका नाही. परंतु ती पुरी झाली नाही म्हणून त्याच्या मायेत उणेपणा आला नाही.

१३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ वारला. त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसला. आपल्या गुरूच्या कबरीसाठी त्याने इंग्रजीत स्वतः काव्यपंक्ती रचल्या, आणि जॉन फ्लॅक्समन या लंडनच्या नामांकित शिल्पकाराकडून एक संगमरवरी स्मारक घडवून आणविले. तंजावरच्या शिवगंगा तलावाकाठच्या चर्चमध्ये ते आजही आहे. त्यात वृद्ध श्वार्ट्झ बिछान्यावर पडलेला आहे, मागे गेरिके उभा आहे, पायथ्याशी शाळेतली मुले आहेत. आणि पागोटे घातलेला मराठा राजपुत्र पुढे वाकून त्याचा हात आपल्या हातात धरून उभा आहे.